रांगेचा न्याय : संगणकातील 'क्यू' आणि गावचा फेरफार

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत चितेगाव लागते. पैठण तालुक्यातील या गावाचे नाव एके काळी व्हिडिओकॉन कंपनीच्या पत्त्यामुळे दूरवर पोहोचले होते. औरंगाबाद–पैठण रस्ता, चौदावा किलोमीटर दगड, चितेगाव असा तो पत्ता. शेती आणि कारखानदारी जेथे एकमेकींना खेटून उभी असतात, अशा रस्त्यालगतच्या गावांत जमिनीचे व्यवहार सहसा अधिक होतात. खरेदीखते होतात, वाटण्या होतात, बोजे चढतात आणि उतरतात. आणि कोणत्याही गावाप्रमाणे येथेही खातेदार निवर्ततात व त्यांच्या वारसांची नावे सातबाऱ्यावर लागण्याची वेळ येते.

अशा एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. वडील गेले, मागे पत्नी, दोन मुलगे आणि सासरी असलेली मुलगी. तीन एकर कोरडवाहू जमीन. वारसांची नोंद होईपर्यंत सातबारा मृताच्याच नावावर राहतो. पीककर्ज, पीकविमा, अनुदान, भूसंपादनाचा मोबदला यांपैकी कशासाठीही गेले तरी पहिला प्रश्न विचारला जातो तो याच उताऱ्याचा. अशा वेळी त्या कुटुंबाच्या मनातील शंका साधी असते. "आमचा अर्ज आधी दिला होता, मग नंतरच्याचे काम आधी कसे झाले?"

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये या कामाची रीत घालून दिलेली आहे. जमिनीत हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावयाची, असे कलम १४९ सांगते. कलम १५० प्रमाणे ती वर्दी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंदवली जाते. नोंदीची प्रत चावडीत लावली जाते. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर नोंद प्रमाणित होते. हे काम आता ई-फेरफार या संगणकीय प्रणालीतून चालते. या प्रणालीने जे तत्त्व स्वीकारले आहे, ते 'प्रथम आलेली नोंद प्रथम निर्गत' असे आहे. संगणकशास्त्रात यालाच 'फिफो' म्हणतात आणि माहितीची ज्या रचनेत अशी मांडणी केली जाते तिला 'क्यू', अर्थात रांग, असे नाव आहे. ही रचना संगणकाच्या पोटात कशी उभी राहते आणि तिच्याकडून न्यायाची अपेक्षा कोठवर करता येते, हे समजून घेणे ग्रामपंचायत सदस्यांना आणि शिक्षकांना जितके उपयोगी आहे, तितकेच कार्यालयात बसणाऱ्यांनाही आहे.

चळत आणि रांग

कार्यालयातील टेबलावर फायली एकावर एक ठेवल्या जातात. नवी फाइल वर येते, आणि हात साहजिकच वरच्या फायलीवर पडतो. तळाशी गेलेली फाइल, वरच्या सर्व संपेपर्यंत, प्रकाश पाहत नाही. आणि रोज नव्या फायली येत असतील तर ती कधीच पाहत नाही. यात कोणाची लबाडी असावीच लागते असे नाही. फायली रचण्याची पद्धतच तशी आहे. संगणकशास्त्रात या रचनेला 'स्टॅक', म्हणजे चळत, म्हणतात. शेवटी आलेले प्रथम बाहेर, हा तिचा नियम. चळत ही काही टाकाऊ रचना नव्हे. लिहिताना चुकले तर शेवटची कृती आधी मागे घ्यावी लागते, तेथे संगणकाला चळतच हवी असते. पण नागरिकांच्या अर्जांसाठी ती वापरणे म्हणजे सर्वांत जुन्या अर्जदारालाच शिक्षा देणे होय.

रांगेत नवा येणारा मागे उभा राहतो आणि काम पुढच्याचे होते. रांगेला म्हणून दोन टोके लागतात, अग्र आणि पुच्छ. तिच्यावर मूळ क्रियाही दोनच, पुच्छाशी नवी नोंद जोडणे आणि अग्राशी असलेली नोंद काढणे. अग्राशी काय आहे ते न काढता नुसते पाहणे आणि रांग रिकामी आहे काय हे विचारणे, या सोयी जोडीला असतात. मधूनच कोणाला काढण्याची वा घुसवण्याची क्रिया या रचनेत मुळात दिलेलीच नसते. रांगेचे सारे बळ या नसण्यात आहे. आवक नोंदवहीला अनुक्रमांक असतो, पण काम त्या क्रमाने करण्याची सक्ती वही करू शकत नाही. आज्ञावलीतील रांग ती करू शकते.

पाच कप्प्यांची वही

संगणकाच्या स्मृतीत ही रांग कशी मांडावयाची? सर्वांत सोपा उपाय म्हणजे ओळीने कप्पे घेणे आणि पहिल्या कप्प्यातील नोंद निकाली निघाली की बाकीच्या सर्व एकेक कप्पा पुढे सरकवणे. रास्त भाव दुकानापुढील माणसे अशीच सरकतात. माणसे स्वतःच्या पायांनी सरकतात म्हणून त्याचा खर्च कोणाला जाणवत नाही. संगणकात मात्र प्रत्येक सरकवणे हे एक काम आहे. पाचशे नोंदींची रांग असेल तर पहिली काढल्यावर ४९९ नोंदी हलवाव्या लागतात, दुसरी काढल्यावर ४९८. सर्व रांग संपेपर्यंत ही हलवाहलव १,२४,७५० वेळा होते, आणि तीही पाचशे नोंदींसाठी! नवशिक्या आज्ञावलीकारांच्या हातून ही चूक वारंवार होते. पायथॉन भाषेतील साध्या यादीचा पहिला घटक काढणे म्हणजे हेच. त्याऐवजी त्या भाषेत 'डेक' नावाची तयार रचना आहे. तिच्यात 'अपेंड' या आज्ञेने मागे जोडता येते आणि 'पॉपलेफ्ट' या आज्ञेने पुढून काढता येते, आणि या दोन्ही क्रियांना रांगेची लांबी कितीही असली तरी जवळपास सारखाच वेळ लागतो.

मग शहाणी पद्धत कोणती? माणसांना हलवू नये, खूण हलवावी. बँकेत क्रमांकाची चिठ्ठी घेऊन लोक जागच्या जागी बसतात आणि फलकावरचा आकडा पुढे जातो, तसे. अग्र कोणत्या कप्प्याशी आहे आणि रांगेत एकूण किती नोंदी आहेत, एवढे दोन आकडे लक्षात ठेवले की काम भागते.

शाळेत हे पाच खुर्च्या मांडून करून दाखविता येईल. कप्प्यांना ०, १, २, ३, ४ असे क्रमांक द्यावेत. प्रारंभी अग्र ० आणि संख्या ०. फेरफार क्रमांक १०१, १०२ आणि १०३ आले. ते ०, १, २ या कप्प्यांत बसले. १०१ आणि १०२ प्रमाणित झाले. अग्र आता २ वर आले. त्यानंतर १०४ आणि १०५ आले, ते कप्पे ३ व ४ मध्ये गेले. आता १०६ आला. ओळ तर संपली, परंतु मागचे ० आणि १ हे कप्पे रिकामेच आहेत. अशा वेळी वहीचे शेवटचे पान पहिल्या पानाला चिकटवले आहे असे समजावे. अग्र २, रांगेतील नोंदी ३, बेरीज ५. तिला एकूण कप्प्यांनी, म्हणजे ५ ने, भागावे आणि बाकी घ्यावी. बाकी शून्य. म्हणून १०६ ची जागा कप्पा ०. पुढील १०७ साठी २ आणि ४ मिळून ६, बाकी १. तो कप्पा १ मध्ये. पाचही कप्पे भरले. १०८ आला तर आज्ञावलीने 'जागा नाही' असे स्पष्ट सांगावयाचे किंवा मोठी वही घेऊन सर्व नोंदी क्रमाने तीत उतरवावयाच्या. मुकाट्याने जुन्या नोंदीवर नवी लिहून टाकणे, हा या रचनेतील सर्वांत घातक दोष होय. कारण पुसली गेलेली नोंद तक्रार करावयास येत नाही, तिचा धनी येतो, तोही फार उशिरा.

चौथीपाचवीच्या मुलांना भागाकाराची बाकी कशासाठी शिकावयाची असा प्रश्न पडतो. त्याचे एक उत्तर या पाच खुर्च्यांत आहे.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. दोन संगणकांवरून एकाच क्षणी दोन नोंदी आल्या, तर दोहोंनाही तोच रिकामा कप्पा दिसेल आणि एकीवर दुसरी बसेल. म्हणून एकीची जोडणी पूर्ण होईपर्यंत दुसरीला थांबवून धरण्यासाठी आज्ञावलीत कुलूप घालतात. कागदी काळात हे कुलूप आपोआप होते. वही एकच होती.

पाळी आणि अग्रक्रम

रांगेचे दोन भाऊबंद येथे सांगितले पाहिजेत. मराठवाड्यातील गावोगावी अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही. पहारेकरी ठरावीक वेळ वीणा घेऊन उभा राहतो, पुढच्याच्या हाती ती देतो आणि स्वतः पुन्हा आपल्या पाळीची वाट पाहतो. संगणकाचा मुख्य प्रक्रियक एकाच वेळी अनेक कामे करीत असल्याचा भास होतो, त्यामागील एक जुनी युक्ती हीच आहे. प्रत्येक कामाला सेकंदाचा अल्पसा अंश मिळतो. तेवढ्यात काम संपले नाही तर ते रांगेच्या पुच्छाशी जाऊन उभे राहते. कालव्याच्या पाण्याची शेजपाळीही याच कुळातली म्हणावी लागेल.

दुसरा भाऊबंद अग्रक्रमाच्या रांगेचा. दूरध्वनीचे जाळे आजच्यासारखे पसरलेले नव्हते त्या काळी परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवावा लागे. 'ऑर्डिनरी', 'अर्जंट' आणि 'लाइटनिंग' असे त्याचे प्रकार असत व जास्त पैसे भरणाऱ्याचा कॉल आधी जोडला जाई. रुग्णालयाच्या अपघात विभागातही आधी आला तो आधी, हा नियम चालत नाही आणि चालू नये. पण अग्रक्रमाच्या रांगेला एक रोग जडलेला असतो. वरच्या वर्गातील कामे येतच राहिली तर खालच्या वर्गातील काम उपाशी राहते. यावर उपाय म्हणून, जितका काळ थांबावे लागले त्या प्रमाणात त्या कामाचा अग्रक्रम आज्ञावली वाढवीत नेते. 'तातडीचे' असा शिक्का बहुतेक फायलींवर पडू लागला की त्या शिक्क्याला अर्थ उरत नाही, हे कार्यालयांना कोणी शिकवावयास नको.

अडलेली नोंद

आता फेरफाराकडे पुन्हा वळू. रांग कडक पाळावयाची ठरवली, आणि बाराव्या क्रमांकाच्या नोंदीवर भावाभावांत हरकत आली. वादग्रस्त प्रकरणे एका वर्षाच्या आत निकालात काढावीत असे संहिता म्हणते. तेरापासून साठपर्यंतच्या निर्विवाद नोंदी, केवळ बारावी पुढे उभी आहे म्हणून, वर्षभर थांबवाव्यात काय? अरुंद पुलावर एक बैलगाडी मोडली की मागच्या सर्व गाड्या थांबतात. संगणकाच्या जाळ्यांत ही अडचण नित्याची आहे आणि तिच्यावर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत.

महसूल खात्याकडे याचे उत्तर संगणक येण्यापूर्वीपासून आहे. ते म्हणजे गाव नमुना सहा-अ, विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. हरकत आली की हरकतदाराला पोच द्यावयाची, प्रकरण त्या नोंदवहीत घ्यावयाचे आणि मुख्य रांग चालू ठेवावयाची. आज्ञावलीकाराच्या भाषेत सांगायचे तर ही अडलेल्या कामांसाठी केलेली दुसरी रांग होय. हरकत नोंदविलेली प्रकरणे बाजूला ठेवून उरलेल्या नोंदी क्रमाने घेणे, अशी विभागणी असल्याशिवाय 'फिफो' एक आठवडाही चालणार नाही.

परंतु बाजूची वाट निघाली की रांगेचा न्याय त्या वाटेवर अवलंबून राहतो. कोणी निराधार हरकत घेऊन शेजाऱ्याची नोंद वर्षभर लांबवू शकतो. त्याहून नाजूक बाब त्रुटींची. कागद अपुरे आहेत म्हणून अर्ज परत केला आणि त्रुटी दूर करून तो पुन्हा आला, तर त्याला जुना क्रमांक द्यावयाचा की नवा? नवा दिला तर मृत्यूच्या दाखल्यावरील नावात एक अक्षर चुकले म्हणून ती विधवा पुन्हा पुच्छाशी जाते. जुना दिला तर अपुरे अर्ज भराभर टाकून जागा अडवून ठेवण्याची प्रथा पडेल. मधला मार्ग असा की, सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात आणि ठरावीक दिवसांत त्या पुऱ्या केल्यास मूळ जागा राखावी. रांगेत शिरण्याची वेळ आपण काटेकोरपणे नोंदतो. रांगेतून बाहेर काढल्याची वेळ, कारण आणि काढणाऱ्याचे नाव हेही तितक्याच काटेकोरपणे नोंदले गेले, तरच अर्जदाराच्या "आधी कसे झाले?" या प्रश्नाला उत्तर देता येते.

रांग कोठे सुरू होते

शेतकऱ्यांच्या योजनांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर आलेल्या अर्जांतून पूर्वी सोडत काढून निवड होत असे. २०२५ मध्ये कृषी विभागाने त्याऐवजी प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य देण्याची पद्धत स्वीकारली. सोडतीत नशिबाचा भाग होता; यात नाही. मात्र रांगेची सुरुवात कोठून धरावयाची, हा प्रश्न येथे उभा राहतो. संगणकाच्या लेखी माणूस रांगेत येतो तो अर्ज मुख्य संगणकात पोहोचतो त्या क्षणी. शेतकरी घरून निघाला तो क्षण त्याला ठाऊक नाही. सेवा केंद्रात वीज गेली होती, अंगठ्याचा ठसा उमटत नव्हता, हेही ठाऊक नाही. ज्याच्या हाती चांगला फोन आणि पक्के जाळे तो नेहमीच पुढे राहील. ग्रामपंचायतीने योजनेची माहिती अर्ज सुरू होण्याआधी चावडीवर लावणे आणि कागदपत्रे आधी तयार ठेवण्यास साहाय्य करणे, हे या दृष्टीने रांगेच्या व्यवस्थेचेच अंग मानावे लागेल.

किती प्रलंबित म्हणजे फार?

रांगांचे गणित प्रथम मांडले गेले ते दूरध्वनीच्या निमित्ताने. कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नर क्रारूप एरलांग यांनी १९०९ मध्ये त्यावरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९६१ मध्ये अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी एक नियम सिद्ध केला. तो इतका सोपा आहे की प्रत्येक तहसील कार्यालयाच्या भिंतीवर लावता येईल. रांगेतील सरासरी संख्या ही रोज येणाऱ्यांची सरासरी आणि प्रत्येकाला लागणारे सरासरी दिवस यांच्या गुणाकाराएवढी असते.

एखाद्या सजात रोज सरासरी चार नोंदी येतात असे धरू. नोटिशीचे पंधरा दिवस कायद्यानेच थांबावयाचे आहेत. म्हणजे चार गुणिले पंधरा, साठ नोंदी नेहमीच प्रलंबित दिसणार. ग्राम महसूल अधिकारी कितीही तत्पर असला तरी. साठाचा आकडा पाहून त्याला जाब विचारणे चुकीचे होईल. एकूण ऐंशी दिसल्या तर वरच्या वीस या मंडळ अधिकाऱ्यापुढील रांगेतल्या. वीसला चाराने भागले की पाच दिवस. हा वेळ रास्त आहे. पण दोनशे दिसल्या, तर नोटिशीच्या साठ वजा जाता १४० उरतात आणि प्रमाणनाची वाट पाहण्यात सरासरी पस्तीस दिवस जात आहेत, हे एकही फाइल न उघडता समजते.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. काम करणाऱ्याचा वेळ पूर्णपणे भरलेला असावा, ही अपेक्षा वरवर योग्य वाटते. कामे अनियमितपणे येत असतील आणि एकच माणूस ती करीत असेल, तर त्याचा ऐंशी टक्के वेळ भरलेला असताना हातातील आणि रांगेतील मिळून सरासरी चार कामे असतात. नव्वद टक्क्यांना नऊ. पंच्याण्णव टक्क्यांना एकोणीस. शेवटचा मोकळा वेळ काढून घेतला की रांग झपाट्याने फुगते. एका अधिकाऱ्याकडे दुसऱ्या मंडळाचा अतिरिक्त कार्यभार सोपविताना हे कोष्टक समोर असावे.

सरासरीत मात्र एखादे कुटुंब हरवून जाऊ शकते. पस्तीस दिवसांच्या सरासरीत कोणी दहा दिवस थांबला असेल, कोणी शंभर. चळतीत सर्वांत जुना कागद शोधण्यासाठी तळापर्यंत जावे लागते. रांगेत तो अग्राशीच असतो. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने, किंवा ग्रामसभेत एखाद्या सदस्याने, त्यामुळे दोनच तारखा विचारल्या तरी पुरे. निर्विवाद नोंदींत आज सर्वांत पुढे असलेल्या नोंदीची नोटिशीची मुदत कोणत्या दिवशी संपली, आणि सहा-अ मधील सर्वांत जुनी हरकत कोणत्या दिवशीची आहे. पहिली तारीख ३ मार्च असेल आणि आज २० मार्च असेल, तर त्या गावाची रांग सतरा दिवस मागे आहे.